अंगण आणि मैदान

स्त्रीशिक्षणाचा इतिहास मराठीत विपुल लिहिला गेला आहे. १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्याच्या भिडे वाड्यात काढलेली मुलींची शाळा, १८८४ साली पुण्यात उघडलेले आणि पुढे हुजूरपागा या नावाने प्रसिद्धीस आलेले मुलींचे हायस्कूल, १९१६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी स्थापिलेले महिला विद्यापीठ, हे टप्पे सुशिक्षित मराठी वाचकास पाठ असतात. या इतिहासात पाटी आहे, पुस्तक आहे, परीक्षा आहे. पहिली पदवीधर कोण आणि पहिली डॉक्टर कोण याची नोंद आहे. परंतु शाळेच्या आवारात जो मोकळ्या मातीचा तुकडा असतो, त्याच्या वाटणीचा इतिहास सहसा सांगितला जात नाही. शिक्षणाच्या इतर सर्व दालनांत मुलगी शिरली, कित्येक ठिकाणी मुलाच्या पुढे गेली. या तुकड्यावर मात्र ती अजून पाहुणी आहे.

सर्वसाधारण समज असा, की पूर्वी मुलींना व्यायामाची बंदी होती आणि काळाच्या ओघात ती उठत गेली. इतिहास चाळून पाहिला असता हे चित्र पुरते खरे ठरत नाही. मुलींनी व्यायाम करू नये असे म्हणणारे होतेच. तथापि त्यांनी तो अवश्य करावा असे सांगणारी थोर माणसेही महाराष्ट्रात होऊन गेली. घोडे अडले ते वेगळ्याच ठिकाणी. मुलीला व्यायाम देण्यात आला. मैदान देण्यात आले नाही. या दोन वस्तू एक नव्हेत. व्यायामाने शरीर सुदृढ होते. मैदानावर त्याखेरीज जागा व्यापणे, मोठ्याने हाक मारणे, दहाजणांच्या देखत चुकणे, हरणे आणि धूळ झटकून पुन्हा उभे राहणे शिकावयास मिळते. पहिली गोष्ट मुलींना कशी मिळाली आणि दुसरी कशी मिळाली नाही, एवढेच या लेखात आम्हांस पाहावयाचे आहे.

जुन्या मराठी घरातील मुलगी दुबळी होती असे मानण्यास आधार नाही. जाते, उखळ आणि विहिरीचा रहाट हे तिचे नित्याचे सोबती. खेळही होते. भोंडल्याचा फेर, झिम्मा, फुगडी, पिंगा. मंगळागौरीच्या रात्री नवविवाहिता जे खेळ खेळत, त्यांतील काहींना दमसास आणि लवचिकपणा इतका लागतो, की तालमीतला गडीही घामाघूम व्हावा. परंतु या खेळांची जागा अंगण किंवा माजघर, वेळ सणाची, आणि प्रेक्षक बहुधा बायकाच. तालीम मात्र पुरुषांची. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबास नवे रूप दिले. पुण्यात लहुजी वस्ताद साळव्यांपाशी स्वतः जोतिराव फुले दांडपट्टा शिकले. झाशीच्या राणीची घोडदौड आणि तलवार प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे, पण ती अपवाद म्हणून. अपवादास वंदन करावे आणि नियम जसाच्या तसा ठेवावा, ही कला आपल्या समाजास उत्तम साधलेली आहे.

इंग्रजी अमदानीत शाळा आली आणि तिच्याबरोबर कवायत आली. १८८२ साली नेमलेल्या हंटर आयोगाने देशी खेळ, जिम्नॅस्टिक आणि कवायत यांना शाळांतून उत्तेजन द्यावे अशी शिफारस केली. मात्र हे व्यायाम ज्या त्या प्रकारच्या शाळेच्या परिस्थितीस अनुरूप असावेत, अशी पुस्ती तिला जोडली. कचेरीत आयुष्य घालविणाऱ्या आमच्या वाचकांस अशा पुस्तीचे सामर्थ्य निराळे सांगावयास नको. मूळ आदेश भिंतीवर लागतो आणि कारभार पुस्तीप्रमाणे चालतो.

मुलींच्या शाळेची ‘परिस्थिती’ काय होती? पहिली अडचण शिक्षकाची. कवायत शिकविणारे बहुधा पलटणीतून निवृत्त झालेले शिपाई असत. मुलींच्या शाळेत अशा गृहस्थाचा प्रवेश त्या काळी कल्पनेतही बसणारा नव्हता. आणि जेथे वाचन-लेखन शिकविणारी बाई मिळण्याची मारामार, तेथे कवायतीची बाई कोठून येणार? दुसरी अडचण वयाची. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने दहाची मर्यादा बारावर नेली, तेवढ्याने महाराष्ट्रात केवढे रण माजले हे सर्वश्रुत आहे. मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविणारा शारदा कायदा व्हावयास १९२९ साल उजाडले. मुलगा ज्या वयात मैदानावर खऱ्या अर्थाने रंगू लागतो, त्या वयात मुलगी सासरी गेलेली असे. तिसरी अडचण वेळेची. पुण्याच्या मुलींच्या हायस्कुलावर लोकमान्य टिळकांच्या पक्षाने जे आक्षेप घेतले, त्यांत अकरा ते पाच ही शाळेची वेळ मुलींना घरकामापासून तोडते हाही एक होता. ज्या मुलीच्या शाळेच्या तासांविषयीच घासाघीस, तिला शाळा सुटल्यानंतरचा तास कोण देणार? आणि खेळ तर सर्वत्र शाळा सुटल्यावरच होत असत. संध्याकाळची ती वेळ मुलाची होती. मुलीच्या वाट्यास त्या वेळी दिवाबत्ती आणि धाकटे भावंड येई.

या पार्श्वभूमीवर औंध संस्थानात जे घडले त्याचे मोल फार मोठे आहे. तेथील अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार हे जीवितकार्य मानले. त्यांनी ते आपल्या संस्थानाच्या शाळांतून सुरू केले, आणि केवळ मुलांपुरते ठेवले नाहीत. राणीसाहेब स्वतः नमस्कार घालीत आणि त्याविषयी मोकळेपणाने बोलत. १९३६ साली राजेसाहेब विलायतेस गेले असता लंडनच्या ‘न्यूज क्रॉनिकल’ या पत्राने या व्यायामाची लेखमाला छापली, आणि १९३८ साली लुईझ मॉर्गन या बाईंनी संपादिलेले त्यांचे इंग्रजी पुस्तक तेथे प्रसिद्ध झाले. ज्या काळी मुलीने धावणे हेच अशोभनीय मानले जात असे, त्या काळी एका संस्थानिकाने राजवाड्यातील स्त्रियांपासून शाळेतील पोरींपर्यंत सर्वांस एकच व्यायाम सांगावा, ही गोष्ट लहान नव्हे.

तथापि सूर्यनमस्कार मुलींपर्यंत का पोचला, याचे कारणही पाहिले पाहिजे. त्यास खर्च नाही, साधन नाही, सोबती नाही, प्रतिस्पर्धी नाही. स्वतःच्या उंचीइतकी जागा पुरे. दार लावून घेतले तरी चालते. जो गुण, तीच मर्यादा. हा व्यायाम अंगणातून मैदानावर जाण्याची मुलीस गरजच ठेवीत नाही. म्हणून ज्यांना मुलगी बाहेर गेलेली नको होती, त्यांनाही तो पटला. यात दोष नमस्काराचा नाही आणि औंधकरांचा तर मुळीच नाही. दोष एवढाच, की पुढे कित्येक शाळांनी मुलींच्या शारीरिक शिक्षणाची इतिश्री येथेच केली.

त्या काळच्या लिखाणात मुलींच्या व्यायामाचे समर्थन ज्या शब्दांत केलेले आढळते, तेही विचार करावयास लावणारे आहे. सुदृढ मातेच्या पोटी सुदृढ प्रजा, आणि सुदृढ प्रजेने राष्ट्र बलवान, ही मांडणी पुनःपुन्हा भेटते. मुलाने व्यायाम केला तर तो त्याच्या स्वतःच्या अंगी लागत होता. मुलीचा व्यायाम पुढे होणाऱ्या अपत्याच्या खाती जमा होत होता. हा युक्तिवाद त्या काळी उपयोगी पडला, कारण त्यामुळे सनातन घरांचीही दारे किलकिली झाली. पण त्याने एक मापही ठरवून टाकले: मातृत्वास पोषक तेवढा व्यायाम योग्य, त्यापलीकडील अनावश्यक, किंबहुना घातक.

आमच्या या बंगळूर शहरात आणि म्हैसूर संस्थानातही त्याच सुमारास शरीरसंवर्धनाची मोठी लाट आली होती. येथील प्रसिद्ध व्यायामशिक्षक के. व्ही. अय्यर यांनी १९३७ साली सूर्यनमस्कारांवर इंग्रजीत पुस्तक काढले. म्हैसुरास राजाश्रयाने कृष्णम्माचार्यांची योगशाळा चालत होती. पुढे इंद्रादेवी या नावाने जगभर गाजलेल्या परदेशी बाई तेथे शिकावयास आल्या, तेव्हा आचार्यांनी त्यांना प्रथम नकार दिला आणि महाराजांनी शब्द टाकल्यावर प्रवेश दिला, हे प्रसिद्धच आहे. आज योगवर्गांत स्त्रियांची दाटी दिसते; नव्वद वर्षांपूर्वी त्या विद्येच्या दारात एका स्त्रीस महाराजांची शिफारस लागली होती.

हे केवळ आपल्याकडचे मागासलेपण होते असेही समजू नये. १९२८ च्या अ‍ॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत प्रथमच झाली. शर्यतीनंतर काही धावपटू दमून जमिनीवर टेकल्या. असे पुरुषांच्या शर्यतीतही होते. परंतु वृत्तपत्रांनी बायका कोसळल्याची भडक वर्णने छापली, डॉक्टर मंडळींनी माना डोलावल्या, आणि ती शर्यत कार्यक्रमातून जी गेली ती १९६० साली रोमलाच परत आली. वस्तुतः अंतिम शर्यतीतील सर्व नऊजणी अंतिम रेषेपर्यंत पोचल्या होत्या. एका चुकीच्या वृत्तान्ताने बत्तीस वर्षांच्या धावपटू मुलींचा मार्ग अडविला. बंदीपेक्षा काळजीच्या सुरात उच्चारलेली शंका किती दीर्घायुषी असते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

स्वातंत्र्यानंतर कागदावरचे चित्र झपाट्याने पालटले. राष्ट्रीय छात्रसेना १९४८ साली निघाली आणि १९४९ साली तिचा मुलींचा विभाग उभा राहिला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये नीलिमा घोष आणि मुंबईच्या मेरी डिसूझा धावल्या; त्याच पथकात अकरा वर्षांची आरती साहा पोहली. आझाद हिंद सेनेतील सेनानी आणि नंतर केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झालेले कोकणचे जगन्नाथराव भोसले यांनी १९५४ साली राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. तिचा आरंभ दिल्लीच्या कस्तुरबा निकेतनात, फाळणीत उद्ध्वस्त झालेल्या निर्वासितांच्या मुलामुलींत झाला, ही गोष्ट आपण मराठी माणसांनी अभिमानाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्या सेनेत झाशीच्या राणीच्या नावाची स्त्रियांची पलटण होती, त्या सेनेतून आलेल्या माणसास मुलींची कवायत नवलाची वाटली नसेल. साठीच्या दशकाच्या आरंभी हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मुलामुलींच्या अभ्यासक्रमात लिंगावरून भेद करू नये, असा स्पष्ट कौल दिला.

कागद समान झाला. आता प्रश्न मातीचा उरला. येथे बंगळूरचा इतिहास आमच्या मदतीस येतो. या शहराच्या कॅन्टोन्मेंट भागात मिशनऱ्यांनी काढलेल्या मुलींच्या जुन्या शाळा आहेत. तेथे पटांगण मुलींचे, तास मुलींचा, शिकविणारी बाई, आणि हातात हॉकीची काठी. याच वातावरणातून एल्व्हेरा ब्रिटो आणि त्यांच्या भगिनी रीटा व मे या पुढे आल्या. १९६० ते १९६७ या काळात म्हैसूरच्या स्त्रीसंघाने एल्व्हेराबाईंच्या नेतृत्वाखाली सात वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले, आणि १९६५ साली त्यांना अर्जुन पुरस्कार लाभला. या मुली इतरांहून वेगळ्या हाडामांसाच्या नव्हत्या. त्यांना मैदान मिळाले होते, एवढाच फरक.

क्रिकेटची कथा याच्या उलट बाजूने तेच सांगते. १९७३ साली पुण्यात स्त्रियांची पहिली राष्ट्रीय क्रिकेट स्पर्धा झाली, तेव्हा मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश असे तीनच संघ उतरले. अवघ्या तीन वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९७६ रोजी, बंगळुरास भारतीय स्त्रियांचा पहिला कसोटी सामना वेस्ट इंडीजविरुद्ध सुरू झाला. कर्णधार याच शहरातील शांता रंगस्वामी. त्यांचे क्रिकेट सुरू झाले ते घराच्या आवारात, भावंडांबरोबर, टेनिसच्या चेंडूने. मुलींच्या क्रिकेटचा पाया शाळेने घातला नाही. तो एकत्र कुटुंबाच्या अंगणाने घातला. ज्यांच्या घरी असे अंगण नव्हते आणि असे भाऊ नव्हते, अशा किती शांताबाई वाढण्यापूर्वीच विझल्या, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

आता वर्तमानाकडे वळू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेच्या इमारतीसंबंधी ज्या गोष्टी आवश्यक म्हणून नमूद आहेत, त्यांत मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आहेत आणि क्रीडांगणही आहे. कायदेकारांनी या दोन गोष्टी एका यादीत घातल्या, याचा अर्थ मुलींच्या आईबापांस चटकन उमगेल. परंतु त्या क्रीडांगणावर कोणी, किती वेळ, कोणाच्या देखरेखीखाली खेळावे, याविषयी परिशिष्ट मौन पाळते. ते मौन रूढी भरून काढते.

कशी, ते कोणीही पाहू शकतो. आमच्या निवासस्थानाजवळच्या एका शाळेचे पटांगण आम्ही सुटीच्या व रजेच्या दिवशी गॅलरीतून पाहत असतो. पी.टी.चा तास होतो. आरंभीची दहा मिनिटे मुले-मुली सारख्या रांगेत हात वर-खाली करतात. येथपर्यंत समानता अबाधित असते. मग शिट्टी वाजते. चेंडू आणि बॅट मुलांच्या हाती जाते व पाहता पाहता सारे पटांगण त्यांचे होते. मुली भिंतीच्या सावलीत सरकतात. कोणी थ्रोबॉल घेते, कोणी दोरी, बहुतेकजणी नुसत्या बोलत उभ्या राहतात. त्यांना कोणी हाकललेले नसते. शिक्षक सज्जन आहेत, मुलेही सभ्य आहेत. एकही नियम मोडला जात नाही, आणि तरीही दर आठवड्यास दोनदा मुली काही शिकतात: मधली जागा आपली नव्हे.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. मुलींनाच खेळावयास नको असते. त्यांना ऊन नको, घाम नको. हे उत्तर सर्वस्वी खोटे नाही, म्हणूनच त्याचा विचार केला पाहिजे. पाचव्या-सहाव्या वर्षी धावण्यात मुलगी मुलाहून मागे नसते. तेराव्या वर्षी तिला नको वाटू लागते. मधल्या आठ वर्षांत काय घडले? रंग काळवंडेल म्हणून घरी टोकणारी मावशी, गुडघा खरचटला तर लग्नाची काळजी करणारी आजी, अडचणीच्या दिवसांत धुण्या-बदलण्याची सोय नसलेली शाळा, आणि शारीरिक शिक्षणाचा बहुधा एकच शिक्षक, तोही पुरुष, ज्याच्यापाशी ही अडचण बोलता येत नाही. इतक्या गोष्टींनी घडविलेल्या नकारास मुलीची आवड म्हणणे म्हणजे पाय बांधून चालण्याची नावड नोंदविण्यासारखे आहे.

व्यवस्था बदलली की आवड बदलते, याचे प्रमाण अमेरिकेने दिले. तेथे १९७२ साली सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांत लिंगभेदास मनाई करणारा कायदा झाला. त्यापूर्वी तेथील माध्यमिक शाळांच्या क्रीडासंघांत सुमारे तीन लाख मुली होत्या. आज ती संख्या तीस लाखांवर आहे. अमेरिकन मुलींचा स्वभाव अर्ध्या शतकात दसपट बदलला असे कोणी म्हणणार नाही.

आपल्याकडेही जेथे फट मिळाली तेथे मुलगी पुढे आली. खो-खो हा कमी जागेचा, बिनखर्चाचा खेळ. म्हणून तो महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील मुलींच्या वाट्यास आला. साताऱ्याच्या दुष्काळी माणदेशातील ललिता बाबर हिने प्रथम खो-खो खेळला, मग धावणे धरले, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावा क्रमांक मिळविला. ही शर्यत पुरुषांसाठी १९२० पासून होती. स्त्रियांसाठी ऑलिंपिकने ती २००८ साली खुली केली. सांगलीची स्मृती मानधना थोरल्या भावाच्या पावलावर पाऊल टाकून क्रिकेटमध्ये आली आणि २०२४ साली तिच्या नेतृत्वाखाली बंगळूरच्या संघाने महिला प्रीमियर लीग जिंकली. त्या रात्री या शहरातील गल्ल्यागल्ल्यांत एका मराठी मुलीच्या नावाचा घोष आम्ही ऐकला. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय स्त्रियांनी विश्वचषक उचलला, तेव्हा तर सारा देश जागा होता. परंतु दूरचित्रवाणीपुढे टाळ्या वाजविणारे आपण दुसऱ्या दिवशी आपल्या मुलीच्या पी.टी.च्या तासाची चौकशी करीत नाही. अपवादास वंदन करण्याची जुनी कला ती हीच.

आमचे वाचक बहुतांशी बदलीच्या नोकरीतले. तीन-चार वर्षांनी गाव बदलते, भाषा बदलते, शाळा बदलते. अशा घरातील मुलास नव्या गावी पहिला मित्र मैदानावर मिळतो. तेथे कन्नड येत नसले तरी चेंडू फेकता आला की पुरते. आपल्या मुलींना हा दरवाजा बंद असतो. त्या पुस्तकात आणि घरात मिटत जातात, आणि आपण त्यास समंजसपणा म्हणतो. शाळेच्या पालकसभेत आपण गणिताचे गुण विचारतो. त्याबरोबर चार प्रश्न आणखी विचारावयास हरकत नाही: पटांगणाचा मधला भाग आठवड्यातून कोणत्या दिवशी मुलींचा असतो? त्यांना शिकविणारी बाई आहे काय? धुण्या-बदलण्याची सोय आहे काय? क्रीडासाहित्याच्या खर्चात मुलींचा वाटा किती? हे प्रश्न क्रांतीचे नव्हेत; आपल्या नित्याच्या भाषेत बोलावयाचे तर ते केवळ अंमलबजावणीचे आहेत. हंटर आयोगाने जोडलेली ती पुस्ती अजून कोणी रद्द केलेली नाही. शाळेच्या ‘परिस्थिती’चा अर्थ इतकी वर्षे इतरांनी लावला. आता तो मुलींच्या आईबापांनी लावावा, आणि संध्याकाळी मुलगी धुळीने माखून घरी आली तर तिला उशीर का झाला हे विचारण्याआधी सामना कोणी जिंकला हे विचारावे.